मालिशने अंगदुखी खरंच जाते का? दवाखान्यात रोज विचारले जाणारे प्रश्न

जळगावात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. रावेर-यावलकडचे केळीचे घड वाहणारे भाऊ येतात, सराफ्यातले दिवसभर मान खाली घालून बसणारे कारागीर येतात, भुसावळचे रेल्वेवाले, कापूस वेचणाऱ्या बाया, लॅपटॉपवाली पोरं, सगळेच येतात. दुखणं प्रत्येकाचं निराळं, पण खुर्चीत टेकायच्या आधी प्रश्न एकच: "ताई, मालिश करून मोकळं होईल ना?" त्यापाठोपाठ जे बाकीचे प्रश्न येतात तेही एव्हाना पाठ झालेत. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

रेमेडियल मसाज म्हणजे काय? आमच्या घरच्या तेल-मालिशीत आणि त्यात फरक काय?

नाव ऑस्ट्रेलिया-ब्रिटनकडचं. ऑस्ट्रेलियात त्याचा वेगळा डिप्लोमा असतो. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी फिजिओथेरपिस्टच उपचाराचा एक भाग म्हणून करतात. मराठीत उपचारात्मक मालिश म्हणा हवं तर.

घरची मालिश साऱ्या अंगाला होते, सुखासाठी होते आणि तिच्यात काही वाईट नाही. इथे आधी तपासणी असते. हात कुठपर्यंत वर जातो, मान कोणत्या बाजूला अडते, वाकताना दुखतं की सरळ होताना, हे बघून कोणत्या स्नायूवर काम करायचं ते ठरतं. मग तेवढ्याच भागावर दहा-पंधरा मिनिटं हात चालतो. संपल्यावर तीच हालचाल पुन्हा करून बघायची. आधी हात कानापर्यंत जात होता, आता डोक्यावर जातोय का? फरक दिसला तर रस्ता बरोबर. नाही दिसला तर माझा अंदाज चुकला, दुसरं काही शोधायचं.

दुखतं एकीकडे आणि तुम्ही दाबता भलतीकडेच, असं का?

हा प्रश्न मला फार आवडतो.

मागच्या पावसाळ्यात यावल तालुक्यातले एक भाऊ आले होते. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घ्यायचा, ठिबकच्या नळ्या आणि चिखल चुकवत बागेतून बांधापर्यंत यायचं, दिवसभर हेच. उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं म्हणून घरच्यांनी तिथेच पंधरा दिवस बाम चोळून वर शेक दिला होता. कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती, दुखणं जागच्या जागी. मी त्यांना पालथं झोपवलं आणि फऱ्याच्या हाडावर, म्हणजे पाठीवर जो चपटा त्रिकोणी भाग असतो ना, त्याच्यावरच्या स्नायूत अंगठा ठेवला. हळूहळू भार दिला. दोन-तीन सेकंदांत ते मान वळवून म्हणाले, "आरे, दाबतीस आठे आनि कळ निंघस पुढे!"

अशा जागांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डॉ. डेव्हिड सायमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी त्यांचे नकाशेच काढले, १९८३ मध्ये ते छापूनही आले. मान आणि खांद्यामधला जो जाड स्नायू आहे, तो आखडला की कळ कानशिलापर्यंत चढते. कितीतरी लोक ती डोकेदुखी समजून गोळ्या खात बसतात. कुल्ल्याच्या आतल्या बारक्या स्नायूची कळ पायाच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत उतरते, मग माणूस 'सायटिका झाला' म्हणून घाबरून येतो. अर्थात खरा सायटिकाही असतोच. दोन्हींतला फरक तपासूनच कळतो, फोनवर नाही.

म्हणजे आत खरोखरची गाठ असते आणि ती तुम्ही फोडता?

बोटाला ताठ दोरीसारखी पट्टी लागते, हे खरं. ती नेमकी कशाने होते यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. पण आम्ही काही फोडत नाही. अंगठ्याच्या जोराने स्नायूतलं काही फुटायला लागलं, तर घड उचलताना माणसाचा खांदाच फाटेल.

मग बरं का वाटतं? कोपर दाराला आपटलं की आपण काय करतो? दुसऱ्या हाताने चोळतो. कुणी शिकवलेलं नसतं. चोळण्याची, दाबाची जाणीव मेंदूकडे निघाली की दुखण्याच्या संदेशाला वाट थोडी अरुंद होते. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये हे 'गेट'चं, म्हणजे फाटकाचं उदाहरण देऊन मांडलं. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण गाभा अजून उपयोगी पडतो. मालिशने मज्जासंस्था सैल पडते, 'इथे धोका आहे' हा तिचा आरडाओरडा कमी होतो, स्नायू आखडून धरणं सोडतो. काम जास्त करून तिथे चालतं, मांसात कमी.

शरीरातली विषारी द्रव्यं, लॅक्टिक ॲसिड वगैरे बाहेर पडतं का?

नाही. कष्ट थांबले की साधारण तासाभरात लॅक्टिक ॲसिडची पातळी आपोआप खाली येते, त्याला मालिशची गरज नसते. पहिल्यांदा जिमला गेल्यावर किंवा हंगामाचा पहिला कापूस वेचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखतं, ते वेगळं. सवय नसलेल्या कष्टाने स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, त्याचं ते दुखणं. मालिशने ते थोडं सुसह्य होतं. विष बाहेर टाकायला लिव्हर आणि किडनी आहेत.

मग फायदा नक्की किती? खरं सांगा.

खरं सांगते. कंबरदुखीवरच्या मालिशच्या २५ चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा निघाला. त्यात तीन हजारांवर रुग्ण होते. निष्कर्ष असा की काहीच उपचार न घेणाऱ्यांपेक्षा मालिश घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, पण थोड्या काळापुरतं, आणि पुरावाही फार भक्कम नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात नव्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत शेक आणि मालिश दोन्ही घेतले. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शनात मात्र मालिश करायची तर व्यायामाच्या जोडीनेच, असं आहे.

माझा रोजचा अनुभवही याच्या पलीकडे जात नाही. चांगली मालिश झाली की एक-दोन दिवस, कधी आठवडाभर मोकळं वाटतं. तेवढ्या दिवसांत हात-पाय हलवून घ्यायचे, व्यायाम सुरू करायचा, काम करायची पद्धत थोडी बदलायची. हे केलं तर दुखणं मागे हटतं. नाही केलं तर सोमवारी मोकळं झालेलं शुक्रवारी पुन्हा धरतं, आणि माझा दवाखाना छान चालतो!

म्हणजे काम सोडून द्यायचं? कापूस कोण वेचणार?

काम सोडा असं मी कुणालाच सांगत नाही, कारण कुणाला ते शक्यच नसतं. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे बाई कंबर सरळ करायलाही थांबत नाही. कमरेला बांधलेली झोळी जड होत जाते आणि पुढे ओढते, वरून वाकलेलंच अंग. मी एवढंच सांगते: झोळी गच्च भरायची वाट बघू नका, अर्धी झाली की रिकामी करा. रिकामी करायला गेलात की दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे वाका. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, म्हणून बाया ते करतात तरी.

घड वाहणाऱ्यांनी खांदा बदलायचा. सगळे म्हणतात, डाव्या खांद्यावर जमत नाही. आठ दिवस जमत नाही, मग जमतं. उन्हाळ्यात बिबड्या-कुरडयांचा घाट असतो तेव्हा जमिनीवर बसण्याऐवजी पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसा. आणि आखाजीच्या वेळी खापरावरचे मांडे करणाऱ्या मावश्या: पोळी हातांवर झुलवत मोठी करायची म्हणजे दोन्ही हात तासन् तास हवेत. त्यांचे खांदे मला बघता क्षणी ओळखू येतात. त्यांनी दर दहा-बारा मांड्यांनंतर हात खाली सोडून मिनिटभर झटकावेत. गिऱ्हाईक थांबतं. खापरावरच्या मांड्यासाठी तर थांबतंच.

जोरात रगडलं तरच गुण येतो ना?

"जोर लाव ना ताई, माले काहीच व्हत नही." हे दिवसातून दोनदा ऐकते, जास्त करून धट्ट्याकट्ट्या गड्यांकडून.

दहापैकी पाच-सहा इतकं दुखावं, त्याला 'गोड दुखणं' म्हणतात तसं. तुम्ही श्वास रोखलात, दात आवळलेत, पायाची बोटं मुडपलीत की समजायचं, दाब जास्त झाला. शरीर बचावाला उभं राहिलं की स्नायू सुटत नाही, उलट घट्ट होतो. म्हणून माझी नजर पाठीपेक्षा पायाच्या बोटांवर जास्त असते.

यात मी स्वतः चुकलेली आहे. दवाखाना नवा होता. एका काकांनी जोर, आणखी जोर असं म्हणत पाठ रगडून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा मोबाइलवर फोटो घेऊन आला. पाठीवर हाताएवढे जांभळे डाग. काकांना स्टेंट बसवलेला होता, रक्त पातळ करणारी गोळी चालू होती आणि मी विचारलंच नव्हतं. निभावलं. तेव्हापासून नवा माणूस आला की आधी औषधांच्या पट्ट्या टेबलावर ठेवायला सांगते, नावं पाठ नसली तरी चालतं.

मालिश कधी करायची नाही?

क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. हलका हात चालू शकतो, रगडणं नाही. ताप, त्या जागी जखम किंवा कातडीचा संसर्ग, ताजी मोडलेली किंवा मोडल्याचा संशय असलेली हाडं, ठिसूळ हाडं, हाताबाहेर गेलेलं बीपी, अशा वेळी थांबा. साखरेच्या जुन्या रुग्णांच्या तळपायांची जाणीव कमी झालेली असते. किती दाब पडतोय, शेक किती गरम आहे हे त्यांना कळत नाही आणि भाजतं. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारून या.

आता चार गोष्टी नीट वाचा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, विशेषतः ऑपरेशन, बाळंतपण किंवा बरेच दिवस पडून राहिल्यानंतर: चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतली, बसायची जागा बधिर झाली: त्याच दिवशी मोठा दवाखाना. छातीत दडपण आणि डाव्या हातात कळ: खांदा चोळत बसायचं नाही. आणि रात्री झोपेतून उठवणारं, कोणत्याच कुशीवर कमी न होणारं दुखणं, त्यातच वजन उतरतंय: हा मालिशचा विषय नाही, तपासण्या करायच्या.

उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ खावी का?

आमच्या आजीच्या गल्लीत एक पायाळू काका होते, सकाळी सकाळी त्यांच्या ओट्यावर कंबर धरलेली माणसं उभी असायची. काका पाय लावायचे, माणूस हसत घरी जायचा. गुण का यायचा? कारण उसण बहुतेकांची आठ-पंधरा दिवसांत आपोआपच सुटते, आणि 'आता बरं होणार' या भरवशाने माणूस हलायला-चालायला लागतो. हळूच पाय लावला तर बिघडत नाही. जोराची लाथ मात्र नको, म्हाताऱ्या माणसाला तर मुळीच नको. ठिसूळ मणका दबायला तेवढी पुरते.

न्हाव्याकडे दाढीनंतर मान कडकड मोडून घेतो, फार बरं वाटतं. चालेल?

डोक्याची चंपी खुशाल घ्या. मानेला झटका नको. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या थराला चीर पडून लकवा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. क्वचित होतं, पण दहा सेकंदांच्या मजेसाठी ती जोखीम कशाला? "मान राहू दे भो" एवढं म्हटलं की पुरतं.

एमआरआयमध्ये गादी सरकल्याचं आलंय. आता मालिश बंद?

रिपोर्ट आणि दुखणं यांचं नेहमी जमतच असं नाही. ज्यांना कंबर कधी दुखलीच नाही अशा लोकांच्या स्कॅनवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के. केस पिकतात तसंच ते. त्यामुळे नुसत्या रिपोर्टवरून घाबरून अंथरूण धरू नका. पण पायात ताकद कमी पडत असेल, चालताना चप्पल निसटत असेल, बधिरपणा वाढत असेल तर मालिश बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

रात्री पोटरीत वांब येतात, तेल चोळू का?

वांब आला त्या क्षणी चोळण्यापेक्षा पायाचा पंजा आपल्याकडे ओढा, गुडघा सरळ ठेवून. अर्ध्या मिनिटात सुटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला वांब येणारच. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, ताक पुरेसं प्या. बीपीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून. रोजच येत असतील तर चालू गोळ्या एकदा तपासून घ्या.

कोणतं तेल चांगलं?

हात सरकेल ते. तीळ, खोबरेल, शेंगदाणा, घरात असेल ते. तेल स्नायूपर्यंत उतरत नाही, काम हाताचं असतं. बाममधल्या मेंथॉलने थंड-गरम वाटून दुखण्यावरचं लक्ष हटतं, तेवढा उपयोग आहे. बाम लावून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. यावलच्या त्या भाऊंचं तेच झालं होतं.

किती वेळा यावं लागेल?

आठवड्याला एक-दोनदा, तीन-चार वेळा. तेवढ्यात काहीच फरक नसेल तर मीच थांबवते. वीस वेळांचं पॅकेज पहिल्याच दिवशी कुणी गळ्यात मारत असेल तर घरी जाऊन विचार करा. मालिशनंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं ठीक आहे. डाग पडणं, मुंग्या येणं, दुखणं वाढत जाणं ठीक नाही.

करणारा शिकलेला आहे हे कसं ओळखायचं?

फिजिओथेरपिस्ट असेल तर पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारा, राग यायचं कारण नाही. त्याहून सोपी खूण: हात लावायच्या आधी त्याने तुम्हाला किती प्रश्न विचारले? एकही नाही विचारला तर उठा.

ऑनलाइन मिळणारी मसाज गन घेऊ का?

मांडी, पोटरी, कुल्ला इथे कमी वेगावर मिनिट-दोन मिनिटं चालेल. गळा, मानेची पुढची बाजू, मणका, हाडं इथे अजिबात नको. तीन-चार हजार घालायचे नसतील तर पोरांचा टेनिस बॉल घ्या, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरा आणि हळू वर-खाली व्हा. मी स्वतः तेच करते.

बाळंतिणीची मालिश चालू ठेवावी का?

हातापायाला, पाठीला हलकी, जरूर. ती माऊली दिवसभर वाकून बाळाला पाजते, तिची मान-पाठ दुखणारच. सिझर झालं असेल तर पोटाला हात नको, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि एका पोटरीची सूज वर लिहिली आहे ती विसरू नका.

बाईमाणसाला संकोच वाटतो. कपडे काढावे लागतात का?

जेवढा भाग दुखतो तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. नको असेल तर कपड्यांवरूनही दाब देता येतो. सोबत कुणाला बसवायचं तर बसवा. मध्येच 'थांबा' म्हणायचा हक्क तुमचा आहे.

सासूबाईंना दवाखान्यात आणणं जमत नाही. घरी मी करू का?

वर लिहिलेल्या धोक्याच्या गोष्टी नसतील तर करा. जेवणानंतर तास-दीड तासाने. त्यांना खुर्चीवर उलटं बसवा, छातीशी उशी, हात खुर्चीच्या पाठीवर. आधी दहा मिनिटं कोमट शेक, पिशवी टॉवेलात गुंडाळून. मग तेल आपल्या तळहातावर घेऊन, थेट पाठीवर न ओतता, तळव्याने खालून वर लांब हात फिरवा. पाच मिनिटं नुसतं एवढंच. हाडावर जोर नाही, मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावरच. दुखरी जागा सापडली की अंगठा टेकवून तीस सेकंद थांबा, घासू नका. दुखणं ओसरतंय का ते त्यांनाच विचारा. वाढलं तर सोडून द्या. शेवटी खांदे गोल फिरवायला सांगा, मान सावकाश डावी-उजवीकडे. उठवायच्या आधी मिनिटभर बसू द्या, घेरी येऊ शकते. आणि तळपाय कोरड्या फडक्याने पुसून मगच खाली टेकवा. तेलाच्या पायाने शहाबादी फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या दोन आजी मी पाहिल्या आहेत.